पहिल्या उद्गाराची चिठ्ठी

क्षमा या विषयावर मी आमच्या बारामतीच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सलग अकरा वर्षं बोललो. त्यातली शेवटची सहा वर्षं मी सख्ख्या भावाशी बोलत नव्हतो. दोन्ही कामं मी मन लावून केली.

आधी त्या बोलण्याचं सांगतो. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडे दुपारी बारा ते तीन उपासना असते. प्रभूने वधस्तंभावरून सात उद्गार काढले, त्यातल्या प्रत्येकावर एकेक माणूस पुलपिटावर उभा राहून बोलतो. पहिला उद्गार क्षमेचा, पाचवा तहानेचा. शास्त्राच्या दृष्टीने सातही सारख्याच मोलाचे, पण बोलणाऱ्याला विचाराल तर पहिल्याची मजा वेगळीच. बारा वाजता लोक ताजे असतात, साड्यांची इस्त्री मोडलेली नसते, पोरं जागी असतात. पाचवा येईपर्यंत पावणेदोन होतात. एप्रिलचं ऊन, आदल्या दिवसापासूनचा उपास, तीनपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही असा नियम, आणि त्यात विषय काय, तर तहान. पाचव्या उद्गारावर बोलणाऱ्याकडे लोक बघत नाहीत, घड्याळाकडे बघतात.

पहिला उद्गार माझा, हे ठरूनच गेलं होतं. तसं कुणी ठरवलं नव्हतं, पण मी मंडळीचा सेक्रेटरी, कार्यक्रमपत्रिका माझ्याच अक्षरात निघायची, आणि माझ्या अक्षराला पहिल्या ओळीत माझंच नाव लिहायची सवय लागली होती.

आता भावाचं. आम्ही दोघंही टेलर. वडिलांनी एकाच मशीनवर दोघांना शिकवलं. वडिलांची एक पद्धत होती. बेतलेल्या कापडाच्या उलट्या बाजूला ते निळ्या खडूने ज्वारीच्या दाण्याएवढं टिंब द्यायचे. डावी बाही कुठली, उजवी कुठली, कुठला तुकडा कुणाचा, सगळं त्या टिंबावरून कळायचं. गिऱ्हाइकाला ते टिंब कधीच दिसलं नाही. आम्हा भावांच्या नजरेतून ते कधी सुटलं नाही.

वडिलांच्या मागे दुकान मी सांभाळलं. दादा अंथुर्ण्याला, सासुरवाडीच्या गावी, शाळेचे गणवेश शिवू लागला. पण रविवार चुकवायचा नाही. इंदापूरकडून येणारी सकाळची एसटी पकडायचा आणि मांडीवर ढोलकी घेऊन बारामतीला यायचा. ढोलकी त्याचा जीव की प्राण. आमच्या मंडळीची गाणी म्हणजे बैलगाडीची चाल, सावकाश, खड्डे चुकवत. दादाची थाप पडली की बैलांच्या पायात वारं शिरायचं. तरण्या पोरांना ते फार आवडायचं, मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीतल्या निवृत्त हेडमास्तरांना अजिबात नाही.

"ही उपासना आहे, जागरण-गोंधळ नव्हे," असं ते एका बैठकीत म्हणाले. चर्चा झाली, हात वर झाले आणि दादाने यापुढे उपासनेत ढोलकी वाजवू नये असं ठरलं. माझाही हात वर होता. आता भाऊ माझा, दर रविवारी उपासनेनंतर माझ्याच घरी जेवायला येणारा. ताटावर बसल्यावर सांगता आलं असतं. पण सेक्रेटरीपण अंगात भिनलेलं. मी मंडळीच्या छापील कागदावर सुंदर अक्षरात पत्र लिहिलं, खाली सही केली, शिक्का मारला आणि रजिस्टर पोस्टाने अंथुर्ण्याला पाठवून दिलं.

पत्राला उत्तर आलं नाही. पुढच्या रविवारी दादाही आला नाही. त्या दिवशी बायकोने त्याच्यासाठी काढून ठेवलेलं मटण संध्याकाळी आम्हीच खाल्लं, पण कुणाला गोड लागलं नाही.

पुढे कळलं, तो अंथुर्ण्याच्याच एका नव्या मंडळीत जायला लागला आहे. पत्र्याची शेड, खाली सतरंजी, टाळ्या, कीबोर्ड आणि आता ढोलकी. आमच्यात भेटल्यावर "सलाम" म्हणायचं, त्यांच्यात "प्रेज द लॉर्ड". आमचे ते पाळकसाहेब, त्यांचे ते पास्टर. आमच्यातले काही जण त्यांना पत्र्याची मंडळी म्हणायचे आणि ते आम्हाला थंड मंडळी म्हणतात असं ऐकू यायचं. मी यावर मोठ्याने हसायचो. खरं सांगायचं तर दर रविवारी एसटीच्या वेळेला माझी मान आपोआप दाराकडे वळायची.

बायको माझी निरवांगीची. शब्दाला इस्त्री करायची सवय तिला नाही. दर उत्तम शुक्रवारी मी आरशासमोर भाषणाची तयारी करायला लागलो की ती मागून म्हणायची, "क्षमेवर बोलायचं आन दादांशी बोलायचं न्हाय, ही कुठली वो रीत?"

"तो विषय वेगळा आहे."

"कापड त्येच हाय की," असं म्हणून ती आत जायची.

मग एका वर्षी एका लग्नात आमचे पाळकसाहेब आणि त्यांचे पास्टर एकाच पंगतीला बसले. जिलेबी येईपर्यंत दोघांनी ठरवूनही टाकलं की यंदाचा उत्तम शुक्रवार दोन्ही मंडळ्यांनी मिळून करायचा. कारण दोघांच्याही सोयीचं होतं. आमच्याकडे सात बोलणारे उरले नव्हते आणि त्यांच्याकडे वेळेत थांबणारा एकही नव्हता.

बैठक आमच्याकडे झाली. जागा त्यांची घ्यायची, कारण आमच्या छताचं काम निघालं होतं, ते ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत चालणार होतं. घड्याळ आमचं. उपासाचा नियमही आमचाच, तीनपर्यंत पाणी बंद. तो मी तिथल्या तिथे सुवाच्य अक्षरात लिहून काढला. गाडं अडलं ते सातावर. सात काही दोघांत सारखे वाटता येत नाहीत. चार कुणाचे आणि तीन कुणाचे यावर दोन वेळा चहा झाला. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "चार त्यांचे. आपण त्यांच्या घरी जातोय." मी तोंड वाकडं केलं, पण ते पाळक.

आणि मग त्यांच्या त्या तरण्या पास्टरांनी बॉम्ब टाकला. कुणी कुठल्या उद्गारावर बोलायचं, त्याच्या चिठ्ठ्या टाकू या म्हणाले.

मी चक्क घाबरलो. हसू नका. साठीच्या माणसाला असं काही होऊ नये, पण झालं. त्यांच्या चौघांत दादाचं नाव होतं आणि तो बैठकीला आलाही होता. त्याच्या देखत, दोन्ही मंडळ्यांपुढे, पाचव्या-सहाव्या नंबरला घसा कोरडा करत उभं राहायचं, ही कल्पनाच मला सहन होईना.

चिठ्ठ्या लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी शेजारच्या खोलीत गेलो, सात सारखे कागद कापले, पहिला, दुसरा, तिसरा असं लिहिलं, घड्या घातल्या. खिशात खडू होता. टेलरच्या खिशात तो असतोच. आणि माझ्या हाताने, मला न विचारता म्हणावं इतक्या सहज, पहिल्या उद्गाराच्या चिठ्ठीवर घडीच्या कडेला एक निळं टिंब दिलं. ज्वारीच्या दाण्याएवढं.

चिठ्ठ्या एका ताटात घालून ते टेबलावर ठेवलं आणि पहिली चिठ्ठी सेक्रेटरीने उचलायची म्हणून मी हात पुढे केला. तेवढ्यात पास्टर म्हणाले, "वयाने मोठे त्यांनी आधी उचलूया का?" सगळ्यांनी माना हलवल्या. बोलणाऱ्या सात जणांत सगळ्यात मोठा दादा होता.

तो उठून ताटाजवळ आला. सहा वर्षांत पहिल्यांदाच मी त्याला इतक्या जवळून पाहत होतो. चष्म्याचा नंबर वाढलेला, कानावरचे केस पांढरे. त्याने ताटात पाहिलं. त्याचा हात थांबला. मग त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, अगदी क्षणभर, आणि नेमकी ती टिंबाची चिठ्ठी उचलून मुठीत घेतली.

"पहिला," तो वाचून म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.

मला कोणता आला असेल ते सांगायला नको. पाचवा.

त्यानंतरचे तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. एका गिऱ्हाइकाच्या पॅन्टला मी दोन्ही पाय डावेच बेतले. दादाला कळलं होतं, यात शंका नव्हती. चिठ्ठी त्याच्याकडे होती, त्यावर वडिलांचं टिंब होतं, आणि पुलपिटावर आधी तो जाणार होता. भर मंडळीत ती चिठ्ठी वर धरून त्याने नुसतं एवढंच म्हटलं असतं की बघा, क्षमेवर बोलायला मिळावं म्हणून माझ्या भावाने काय केलं, तरी माझं सेक्रेटरीपण, माझं अक्षर, माझी अकरा वर्षं, सगळं तिथेच उसवलं असतं. बायकोला सांगायची हिंमत झाली नाही. तिने विचारलं, "झोप लागंना का?" मी म्हटलं, "उकडतंय."

उत्तम शुक्रवारी आम्ही दोन गाड्या करून अंथुर्ण्याला गेलो. शेड उसाच्या फडाला लागूनच. फड तुटून गेलेला, त्यामुळे सावली नावाला नाही. दारात चपलांचा ढीग, कारण त्यांच्याकडे पादत्राणं बाहेर काढायची रीत. आम्ही आपले बूट घालून बाकावर बसणारे. मी बूट काढला आणि लक्षात आलं, डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक. गावाचे कपडे शिवणारा मी!

आमचे हेडमास्तर दाराशी अडले. वय ऐंशीच्या घरात, बुटाला नाडी, कमरेला पट्टा, वाकता येईना. मी पुढे होणार, तोच आतून दादा आला, खाली उकिडवा बसला आणि त्यांच्या नाड्या सोडू लागला. हेडमास्तर वरून म्हणाले, "अरे, राहू दे, राहू दे." दादा म्हणाला, "गाठ पक्की बसलीय गुरुजी, जरा दम धरा." गाठ सोडवून त्याने दोन्ही बूट भिंतीशी नीट जोडून ठेवले. ज्यांच्या एका वाक्याने त्याची ढोलकी बंद झाली, त्यांचे ते बूट.

मग तो माझ्याकडे वळला. सहा वर्षांनी त्याच्या तोंडून माझ्यासाठी पहिला शब्द निघाला.

"धाकट्या, हिकडं ये." शेडच्या बाजूला नेऊन त्याने खिशातून चिठ्ठी काढली आणि माझ्या हातात ठेवली. "ही तुझी. पयला तू बोल. माझं काय, मी पाचव्याला उभा राहतो. पास्टरना मी सांगतो."

मला वाटलं, तो टोमणा मारतोय. मी चिडूनच म्हटलं, "मग उचललीस कशाला?"

"टिंब बगितलं म्हणून. आज्याच्या डोळ्याला बी दिसलं असतं आसं ढळढळीत दिलंतंस. दुसऱ्या कुणाला घावली असती तर तुझी अब्रू गेली असती. म्हणलं, आपणच उचलावी."

तीन आठवडे मी ज्या माणसाला भीत होतो, तो तीन आठवडे माझी अब्रू खिशात सांभाळत होता. मला त्या क्षणी रडू आलं आणि भयंकर लाजही वाटली. मी चिठ्ठी त्याच्या हातात परत कोंबली. "पहिला तूच बोलणार," एवढंच कसंबसं म्हटलं आणि आत जाऊन सतरंजीवर बसलो, भोकाचा पाय खाली दुमडून.

दादा बोलायला उभा राहिला. पुढे माणसं खचाखच, दोन्हीकडची मिसळून बसलेली. बाकं नसली की आपले-परके बसवायला जागाच उरत नाही.

"मला भाषण येत न्हाय," तो म्हणाला. "मला एक पत्र आलं व्हतं, त्येवढं सांगतो. ढोलकी वाजवू नका म्हणून. लई राग आला. त्ये पत्र मी मशीनच्या खणात ठिवलं. राग जरा निवला की काडायचो, वाचायचो, पुन्ना तापायचो. दोन वर्सं हेच. मग एका जून म्हयन्यात शाळंच्या शर्टांचं काम आलं. खिशाचा साचा फाटलेला. दुकानात जाड कागद न्हाय. खण उघडला, तर हे पत्र. लई झ्याक कागद, कडक. कात्री घेतली आन साचा कापला. चार वर्सं झाली. हितल्या पोरांच्या शर्टाचा खिसा बगा, त्यो त्या पत्रावर बेतलाय. क्षमा म्हंजी काय, मला ठावं न्हाय. पर त्या कागदाचं मला आता लई काम पडतं."

शेडमध्ये हशा पिकला. माझ्या समोरच गणवेशाच्या शर्टातलं एक पोरगं बसलं होतं, त्याने मान खाली घालून स्वतःचा खिसा तपासला. दादाने चार मिनिटांत उरकलं. अकरा वर्षांत मी पंचवीस मिनिटांच्या खाली कधी आलो नव्हतो.

आणि मला कळलं की त्याने चार वर्षांपूर्वीच मिटवलं होतं. चार वर्षं तो मोकळा होता, आणि मी एसटीच्या वेळेला दाराकडे मान वळवत बसलो होतो.

दुसरा झाला, तिसरा झाला, चौथ्याला त्यांच्यातले एक जण पाऊण तास घेऊन बसले आणि आम्ही सोबत नेऊन टांगलेलं घड्याळ उगाचच भिंतीवर टिकटिकत राहिलं. माझी पाळी आली तेव्हा दोन वाजून गेले होते. पत्रा तापून वरून आग ओतत होता. खिशात तहानेवर लिहिलेली नऊ पानं होती. मी ती बाहेर काढलीच नाहीत.

"मला काही सांगायचं आहे," मी म्हणालो. "पहिल्या उद्गाराच्या चिठ्ठीवर मी खडूने खूण केली होती. मला क्षमेवर बोलायचं होतं म्हणून. दादाने ती उचलली ती माझी चोरी उघडी पडू नये म्हणून. आणि ते पत्र… ते मी तोंडाने सांगायला हवं होतं. जेवताना."

कुणी हसलं नाही. पुढे बोलायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. जीभ टाळ्याला चिकटली. आयुष्यात पहिल्यांदा पुलपिटावर माझे शब्द संपले होते.

तेव्हा दादा उठला. कोपऱ्यात माठ होता, तीन वाजल्यानंतरसाठी भरून ठेवलेला. त्याने त्यात तांब्या बुडवला, फुलपात्र भरलं आणि सगळ्यांच्या मधून वाट काढत माझ्यापाशी आला.

"दादा, तीन वाजायचेत," मी कसंबसं म्हटलं. नियम माझाच, अक्षर माझंच.

"म्हाईत हाय. उद्गार तहानंचा हाय का न्हाय? पी."

मी प्यायलो. अर्धं फुलपात्र घशाखाली गेलं आणि मला बारीक मुलासारखा हुंदका आला. उरलेलं त्याच फुलपात्रातून दादा प्यायला. मागून माझी बायको, तीच निरवांगीची, मोठ्याने म्हणाली, "अवो, मग आमाला बी द्या की!"

आता मात्र सगळ्यांना हसू फुटलं. माठ पुढे आला. त्यांच्या बाया आमच्या बायांना पाणी देत होत्या, आमचे पंच त्यांच्या म्हाताऱ्यांना. एकच तांब्या आणि तीन-चार फुलपात्रं, कोण कुणाच्या मंडळीचं हे बघत बसायला वेळ कुणाला होता? पाळकसाहेबांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा पास्टरांकडे, आणि मग हात पुढे केला. हेडमास्तर दोनदा प्यायले. पाचव्या उद्गाराकडे लोकांचं इतकं लक्ष मी आजवर पाहिलेलं नव्हतं. तीन वाजता साबुदाण्याची खिचडी झाली. उपास आमचा ख्रिस्ती असला तरी उपासाचं खाणं महाराष्ट्राचंच. ढोलकीचा जुना ठराव पंचांनी ती खिचडी खातानाच मागे घेतला आणि तो निरोप मी दादाला तिथेच तोंडाने सांगितला.

ईस्टरच्या सकाळी मी बारामतीच्या स्टँडवर जाऊन उभा राहिलो. दादा एसटीतून उतरला, ढोलकी घेऊन. मी ती त्याच्या हातातून काढून स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि भर पेठेतून चर्चपर्यंत चालत गेलो. ओळखीच्या दुकानदाराने विचारलं, "काय टेलर, नवीन धंदा?" मी म्हटलं, "जुनाच आहे, मध्ये बंद होता." उपासनेत ढोलकीवर थाप पडली तेव्हा हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. त्यांचा बूट मात्र फरशीवर ताल धरत होता, आणि तो चुकत होता.

आता उत्तम शुक्रवार दरवर्षी दोघांचा मिळून असतो. परवा यंदाची बैठक झाली. चिठ्ठ्या लिहायचं काम पुन्हा माझ्याकडेच आलं, कारण अक्षर अजून माझंच बरं. शेजारच्या खोलीत जायला उठलो, तर दादाने तळहात पुढे केला. मी खिशातला खडू काढून त्याच्या हातावर ठेवला. सगळे हसले, मीही हसलो.

मी उचललेल्या चिठ्ठीत पहिला उद्गार निघाला. कुठलीही खूण नसताना. रात्री आरशासमोर उभा राहिलो, तर बोलायला एक वाक्य सुचेना. बायको म्हणाली, "मला काय इचारता? ज्याला येतं त्याला इचारा." म्हणून उद्या सकाळच्या एसटीने अंथुर्ण्याला निघालोय.